लाइपझिगहून पत्र: जुन्या हाडांतला डीएनए आणि बाबांचा प्रश्न

लाइपझिग

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

मी खुशाल आहे. प्रकृती, झोप आणि थंडी यांविषयी रविवारच्या फोनवर बोलणे झालेच आहे, त्यामुळे ते पुन्हा लिहीत नाही. हे पत्र मुख्यतः बाबांच्या प्रश्नासाठी आहे. हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळी मिळालेल्या डीएनएवरून ‘बाहेरून कुणी आलेच नाही’ असे सांगणारा, सगळीकडे फिरत असलेला मजकूर मला पाठवून तुम्ही विचारले होते की, खरे काय ते समजून घ्यायचे असेल तर या विषयातले मूळ संशोधन कुठून वाचायला घ्यावे. त्या वेळी मी घाईत होते, आणि उभा जन्म इतिहास शिकवलेल्या माणसाला घाईतले उत्तर देणे मला बरे वाटले नाही.

त्याआधी आईची काळजी. आई, मी सांगाड्यांना हात लावत नाही, हे मी पूर्वीही सांगितले आहे आणि आता लेखी देते. हाडांचे काम वेगळ्या स्वच्छ खोलीत होते. तिथली माणसे अंगभर पोशाख, मुखपट्टी आणि हातमोजे घालतात ती हाडांपासून त्यांना काही होऊ नये म्हणून नव्हे, तर त्यांच्या श्वासातला आणि कातडीवरचा डीएनए हाडात मिसळू नये म्हणून. माझ्या वाट्याला येते ती फक्त संगणकातली माहिती. ‘मेलेल्यांच्या नादात हिचा संसार राहिला,’ असे तू वहिनीजवळ म्हणालीस तेही माझ्यापर्यंत पोहोचले आहे. त्याचे उत्तर शेवटी देते.

बाबा, कोणताही शोधनिबंध हाती घेतला की मथळा बाजूला ठेवावा आणि आधी इतकेच पाहावे की नमुने किती आहेत, कुठले आहेत आणि त्यांचे वय कशावरून ठरवले आहे. माणूस मेल्यावर डीएनए तुटू लागतो आणि उष्ण, दमट हवेत तो फार लवकर नष्ट होतो. म्हणून युरोपातल्या आणि सायबेरियातल्या हाडांवर ढीगभर संशोधन झाले आणि आपल्याकडे त्यामानाने फार थोडे हाती लागले. डीएनए ए, सी, जी, टी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. जे तुकडे उरतात ते बहुधा शंभर अक्षरांहूनही लहान असतात आणि त्यांच्या टोकांना एक ठरावीक बिघाड होतो, म्हणजे ‘सी’ या अक्षराच्या जागी ‘टी’ वाचले जाते. हा बिघाडच उपयोगी पडतो. मोडी दस्तऐवजाच्या कुरतडलेल्या कडा पाहून तुम्ही तो जुना आहे की कुणी नव्याने बनवला आहे हे सांगत असा, तसेच या टोकांवरून तुकडा खरोखर प्राचीन आहे की उत्खनन करणाऱ्याच्या हाताचा आहे हे ठरते. अंतर्कर्णाभोवतीचे हाड शरीरात सर्वांत घट्ट असते आणि त्यात डीएनए चांगला टिकतो, हे गेल्या दशकात ध्यानात आल्यावर या विषयाला खरा वेग आला.

ही सावधगिरी ठेच लागून आलेली आहे. स्वांते पेबो या आनुवंशिकीतज्ज्ञांनी 1985 मध्ये इजिप्तच्या ममीतला डीएनए मिळवल्याचे प्रसिद्ध केले होते. तो बहुधा आधुनिक माणसाचा मिसळलेला डीएनए असावा, असे पुढे त्यांनीच मान्य केले. त्याच पेबोंच्या गटाने 2010 मध्ये निअँडरथल या नामशेष मानवाच्या जनुकसंचाचा (म्हणजे संपूर्ण डीएनएचा) आराखडा प्रसिद्ध केला आणि 2022 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांची संस्था याच शहरात आहे, हे आईने शेजारी सांगायला हरकत नाही. मात्र मी त्या संस्थेत नाही, हेही कृपया सांगावे.

दुसरी गोष्ट, मातृवंश आणि पितृवंश यांवरच्या जुन्या निबंधांत फार गुंतू नका. मायटोकाँड्रिया या पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा डीएनए फक्त आईकडून येतो आणि वाय गुणसूत्र फक्त बापाकडून मुलाकडे जाते. दहा पिढ्या मागे गेले तर वंशावळीत 1024 जागा होतात आणि मायटोकाँड्रिया त्यांतल्या एकाच बाईविषयी बोलते. उरलेल्यांची हकीकत संपूर्ण जनुकसंचात असते, म्हणून वाचायचेच तर 2010 नंतरचे, संपूर्ण जनुकसंचावरचे निबंध घ्यावेत.

आता राखीगढी. सप्टेंबर 2019 मध्ये लागोपाठ दोन निबंध आले. एक ‘सेल’ या नियतकालिकात, ज्याचे पहिले लेखक तेव्हा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असलेले वसंत शिंदे आहेत, आणि दुसरा ‘सायन्स’ या नियतकालिकात, वागीश नरसिंहन आणि इतर पुष्कळ जणांचा. दोन्हींच्या लेखकांत काही नावे समान आहेत. पहिल्या निबंधात राखीगढीच्या साठाहून अधिक नमुन्यांपैकी एकाच स्त्रीचा उपयोगी डीएनए हाती लागला. तिच्यात स्टेप प्रदेशातल्या, म्हणजे युरोप-आशियातल्या गवताळ मैदानांतल्या, पशुपालकांचा अंश नाही, आणि तिच्यातला जो इराणी वळणाचा अंश आहे तो इराणात शेती सुरू होण्याच्या आधीच तिथल्या शेतकऱ्यांच्या पूर्वजांपासून वेगळा झालेला आहे. तुम्हाला आलेला मजकूर इथेच थांबतो आणि ‘बाहेरून कुणी आलेच नाही’ असा निकाल देतो. दुसऱ्या निबंधात 523 प्राचीन व्यक्तींची नवी माहिती आहे आणि स्टेपचा अंश दक्षिण आशियात इ.स.पू. 2000 ते 1500 या काळात आल्याचे त्यातून दिसते. राखीगढीची बाई त्याच्या आधीची आहे. जी माणसे अजून आलेलीच नव्हती त्यांचा अंश तिच्यात नसणारच, आणि म्हणून दोन्ही निबंध एकमेकांना खोडत नाहीत. तिला एकटीच म्हणून सोडून देणेही बरोबर नाही, कारण तुर्कमेनिस्तानातल्या गोनूर आणि पूर्व इराणातल्या शहर-ए-सोख्ता इथे तिच्यासारख्याच मिश्रणाच्या 11 व्यक्ती सापडल्या आहेत. हे लोक कोणती भाषा बोलत होते, हे मात्र हाड सांगत नाही. तिथे भाषाशास्त्र आणि उत्खनन यांचाच आधार घ्यावा लागतो, आणि तुम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत होता ते याहून वेगळे नव्हते.

आकृत्यांना घाबरू नका, पण त्यांच्यावर विश्वासही टाकू नका. ठिपक्यांच्या आकृतीत प्रत्येक ठिपका म्हणजे एक व्यक्ती, आणि जवळ असलेले ठिपके नात्याने जवळचे असतील; पण कोणत्या आधुनिक लोकांना घेऊन तो पट मांडला यावर ती जवळीक अवलंबून असते. रंगीत पट्ट्यांच्या आकृतीत रंग किती असावेत हे संशोधकच ठरवतो, त्यामुळे प्रत्येक रंग म्हणजे एकेक शुद्ध वंश असे समजणे ही वर्तमानपत्रांची लाडकी चूक आहे. खरे काम चार गटांच्या तुलनेत होते: दोन गट तिसऱ्याशी सारखेच संबंधित आहेत की त्यांतला एक अधिक जवळचा आहे, चौथा गट दूरचा साक्षीदार म्हणून ठेवून हे तपासले जाते. या तुलनांवरूनच ‘अमुक टक्के हे, तमुक टक्के ते’ अशी मॉडेले बांधतात. मॉडेल फेटाळले गेले नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. तेच एकमेव खरे आहे असे त्यातून सिद्ध होत नाही. हे एक वाक्य मनाशी धरलेत तरी निम्मे निबंध तुम्हाला माझ्याहून चांगले वाचता येतील.

इथली एक रीत मात्र मला सविस्तर सांगितलीच पाहिजे, कारण आईला वाटते की इथे माझा अपमान होतो. आमच्या वाचनमंडळात निबंध उलटा वाचतात. मुख्य मजकूर दहा पानांचा असतो आणि पुरवणी कधी कधी शेकडो पानांची. तर सगळे पुरवणीच वाचून येतात, कारण कोणते नमुने गाळले, कोणाचे वय थेट कार्बन पद्धतीने काढले आणि कोणाचे केवळ उत्खननातल्या थरावरून, कोणती मॉडेले फसली, हे सगळे तिथेच दडलेले असते. निबंध मांडणाऱ्याला मग तासभर सोलून काढतात. कधी कधी निबंधाचा मूळ लेखकच समोर बसलेला असतो आणि तो मुकाट्याने टिपणे घेतो. आवाज कुणाचाच चढत नाही. शेवटी टाळ्या वाजवत नाहीत, तर सगळे जण बोटांच्या पेरांनी टेबल ठोकतात. तळहाताने नाही, पेरांनीच. हा राग नव्हे, ही शाबासकी आहे, आणि जर्मन विद्यापीठांत ती सगळीकडे अशीच देतात. मी मांडणी केली तेव्हाही टेबल ठोकले गेले होते. फोनवर तुला ऐकू आला तो हाच आवाज, आई. कुणी माझ्यावर हात आपटत नव्हते.

आता राहिलेल्या गोष्टी. माझा करार आणखी एका वर्षाने वाढला आहे. म्हणजे बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला मी नसेन. दादा आणि वहिनी सगळे नीट करतील यात शंका नाही, आणि शंका नसल्यामुळेच मला अधिक वाईट वाटते. मागच्या वेळी पाठवलेले पैसे बाबांनी माझ्याच नावाने मुदत ठेवीत टाकल्याचे बँकेच्या संदेशावरून कळले. या वेळचे तसे करू नयेत. ते शस्त्रक्रियेसाठी आणि घराच्या हप्त्यासाठी आहेत. इथे माझे व्यवस्थित भागते.

आई, तू पाठवलेली स्थळे पाहिली. सगळी आपल्या पोटजातीतली आहेत. भारतातले गट सुमारे 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत भरपूर मिसळले आणि पुढे जातीबाहेरचे विवाह जवळजवळ थांबले, असे 2013 च्या एका निबंधात दाखवले आहे. पुढे 2017 मध्ये दक्षिण आशियातल्या 260 हून अधिक गटांचा अभ्यास झाला. त्यांतल्या 81 गटांत, मूठभर पूर्वजांपासून वाढल्यामुळे येणारा परिणाम अशा परिणामासाठी प्रसिद्ध असलेल्या फिनलंडच्या लोकांपेक्षाही तीव्र आढळला, आणि अशा गटांत काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो. पण हे मी तुझ्यावर शस्त्र म्हणून उगारत नाही. गटाच्या सरासरीवरून एका लग्नाचा निर्णय काढणाऱ्याला वाचनमंडळात मीच आधी सोलून काढले असते.

खरे कारण साधे आहे. मला ज्याच्याशी लग्न करायचे आहे तो आपल्या जातीतला नाही. मराठीच आहे, इथेच संख्याशास्त्रात काम करतो, आणि त्याचे आईवडील तुम्हाला फोन करण्यासाठी माझ्या होकाराची वाट पाहत आहेत. शस्त्रक्रिया होऊन बाबांची पट्टी निघेपर्यंत मी त्यांना थांबवले आहे. फोनवर हे बोलण्याचा धीर होत नव्हता, आणि इतकी पाने डीएनएवर भरून मी अखेरीस इथे आले, यावरून बाबांना काय ते कळेल. रागवायचे असेल तर पत्राने रागवा, म्हणजे मला ते नीट वाचता येईल.

आजीला नमस्कार.

तुमची,
मनू

ता. क. दादाला सांगावे की थुंकीची नळी पाठवून वंश सांगणाऱ्या कंपनीला पैसे देऊ नयेत. त्यांची टक्केवारी आजच्या हयात लोकांशी तुलना करून काढलेली असते आणि तुलनेची यादी बदलली की आकडेही बदलतात. त्यापेक्षा त्याने सोबतचे दोन्ही निबंध बाबांसाठी मोठ्या अक्षरांत छापून आणावेत, पुरवणीसकट.