मोबाईल वर केला की लगेच ३५३ लागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात एका सरकारी ऑफिसात दाखल्यासाठी गेलो होतो, ऑफिसचं नाव लिहीत नाही, कुठलंही धरा. साडेअकराला रांगेत उभारलो. माझ्यापुढं सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक विडी कामगार अक्का, त्यांच्यापुढं कॉलेजचा एक पोरगा. खिडकीतली खुर्ची रिकामी, पाठीला टॉवेल टाकलेला, वर पंखा मात्र गरागरा चालू. पाऊण तास झाला तसं त्या पोरानं मोबाईल काढला आणि भिंतीवरचं घड्याळ, खुर्ची, मागची रांग असं शूट करायला लागला. तेवढ्यात साहेब चहा पिऊन आले आणि पहिलं वाक्य काय तर "ए, मोबाईल आत ठेव, बोर्ड वाचता येत नाही का बे?" बोर्ड म्हणजे तोच हो, लाल अक्षरातला, शासकीय कामात अडथळा आणल्यास कलम ३५३ वगैरे. शिपायानं तर पोराच्या हातातनं मोबाईल हिसकावूनच घेतला, डिलीट कर म्हणे.

माझं कोर्टाजवळ झेरॉक्सचं दुकान आहे, वीस वर्षं वकिलांचं ऐकून ऐकून थोडंफार कळतं. मी म्हटलं साहेब, जुन्या भारतीय दंड संहितेतलं ते ३५३ आता राहिलंच नाही, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिथं ते कलम १३२ झालंय, आणि जुनं घ्या नाहीतर नवं घ्या, त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. गप उभारून मोबाईल धरलेल्या पोरानं कुणावर बळ वापरलं? वापरलं असेल तर शिपायानं! हां, आता काउंटरवर चढून कॅमेरा तोंडात कोंबला आणि कामच करू दिलं नाही तर अडथळ्याचं वेगळं कलम २२१ आहे, ते लागू शकतं. ऑफिसवाले आत शूटिंग नको, बाहेर जा असंही म्हणू शकतात. पण मोबाईल हिसकावून डिलीट करायला लावायचा अधिकार क्लार्कला नाही न् शिपायाला पण नाही. पोलिसांना गुन्ह्यातला पुरावा म्हणून मोबाईल जप्त करता येतो पण त्याला पण रीत आहे, पंचनामा आहे. ज्या गावानं १९३० साली मार्शल लॉ सोसला त्या गावच्या पोरांना बोर्ड दाखवून भ्या घालताय होय.

आणि सरकारी माणसाची प्रायव्हसी म्हणाल तर सुप्रीम कोर्टानं १९९४ सालीच राजगोपाल केसमध्ये सांगून ठेवलंय की ड्युटीतल्या कामाबाबत त्याला प्रायव्हसीचा आडोसा घेता येत नाही. पोलिस स्टेशनचं पण तसंच. तिथं व्हिडिओ काढला म्हणून वर्ध्यात एकावर १९२३ च्या ऑफिशियल सिक्रेट्स अॅक्टखाली गुन्हा टाकलेला, तो नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये रद्द केला, पोलिस ठाणं त्या कायद्यातल्या प्रतिबंधित जागांमध्ये येतच नाही म्हणून. लष्कराच्या जागा वगैरे येतात, तिथं आगाऊपणा करू नये. आणि आता तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मध्ये पोलिसांनीच झडती आणि जप्तीचं रेकॉर्डिंग करायचंय, मोबाईलवर केलं तरी चालतं. म्हणजे कायदाच म्हणतोय कॅमेरा चालू ठेवा.

इथवर मी पोराच्या बाजूनं. साहेबांनी कुरकुरत मोबाईल परत दिला, सगळ्यांचे दाखले पण निघाले, मला वाटलं विषय संपला.

चार दिवसांनी त्या अक्का दुकानात आल्या, बरोबर नातू. नातवाच्या मोबाईलवर रील. पोरानं मागं ढोलताशा लावून टाकलेलं, खुर्ची दोन सेकंद आणि अक्का सात सेकंद! पदरानं घाम पुसताना, हातात आधारची झेरॉक्स, जरा थांबवून बघितलं तर नंबर सगळा वाचता येतो. खाली कमेंटमध्ये कोण हसतंय, कोण काय लिहितंय. अक्कांचं एकच, "मैं क्या चोरी करी क्या, मेरा तोंड कायको डाले?" मला उत्तर सुचेना, कारण त्या दिवशी रांगेत त्या पोराची पाठ थोपटणारा मीच.

खरी गोम इथं आहे बघा. शूट करणं एक आणि ते जगाला दाखवणं एक. प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे हे २०१७ मध्ये नऊ जजच्या बेंचनं सांगितलंय, तो हक्क रांगेत उभारलेल्या अक्कांना पण आहे. क्लार्कला ड्युटीच्या कामात तो आडोसा नाही, पण अक्का काय ड्युटीवर नव्हत्या. आधार नंबर असा चव्हाट्यावर टाकायला आधार कायद्यातच मनाई आहे. तोंड ब्लर करायला मोबाईलमध्ये दोन मिनिटं लागतात, ढोलताशा शोधायला त्यापेक्षा जास्त लागली असतील.

याच्याहून वाईट बघायचं असेल तर आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेवर जा. आयाबाया अंघोळ करून लुगडं बदलतायत आणि काठावर 'वारीचे क्षण' टिपणारे मोबाईल घेऊन उभे. हटकलं तर म्हणतात सार्वजनिक जागा आहे. अरे बाबा, आयटी अॅक्टच्या ६६ई मध्ये स्पष्ट लिहिलंय की अंगाचा खासगी भाग परवानगीशिवाय टिपला तर जागा सार्वजनिक आहे का खासगी याला महत्त्व नाही, ३ वर्षांपर्यंत कैद नाहीतर २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाईला अशा अवस्थेत चोरून टिपण्याचं न्याय संहितेत कलम ७७ आहे ते वेगळंच. तिथं मात्र कुणी बोर्ड लावलेला मी तरी बघितला नाही.

त्या पोराला नातवानंच शोधून काढलं. अक्कांना बघून बिचारा खाली मान घालून बसला, रील तिथंच काढलं आणि दुसऱ्या दिवशी नुसती खुर्ची, टॉवेल आणि घड्याळ ठेवून परत टाकलं. ते रील मी स्वतः चार ग्रुपवर पाठवलं.

परवा परत त्याच ऑफिसात काम निघालं. साहेब जागेवर होते, हे कबूल करायला पाहिजे. बोर्ड मात्र अजून ३५३ चाच आहे. तेवढा नंबर तरी बदलून घ्या म्हणावं, रंगाचे पैसे मी देतो.

आपला,
एक झेरॉक्सवाला वाचक, सोलापूर