दोन बोटं आणि तीन महिन्यांचा वायदा: कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय, स.न.वि.वि.

यंत्रात बोटं गमावलेल्या एका कामगाराच्या भरपाईच्या दाव्याला गेल्या आठवड्यात पुन्हा तारीख पडली. अपघात मार्च २०२३ चा, दावा त्याच वर्षीच्या ऑगस्टचा. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचं कलम २५अ सांगतं की असे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांनी प्रकरण तीन महिन्यांत निकाली काढावं. कोणते तीन महिने, तेवढं कायद्यात लिहायचं राहिलं असावं.

प्रकरण साधं आहे. पुण्याजवळच्या भोसरीतला एक गाळा, त्यात पत्र्याला आकार देणारी जुनी पॉवर प्रेस. पायडल एकदा दाबलं की रॅम, म्हणजे वरचा जड ठोकळा, एकदाच खाली यायला हवा. क्लचची चावी झिजली किंवा स्प्रिंग ढिली पडली की तो वर थांबत नाही, पुन्हा खाली येतो. कारागीर याला ‘प्रेस डबल झाली’ म्हणतात. त्या क्षणी हात डायमधला (साच्यातला) तयार तुकडा उचलत असतो. तीस वर्षांचा ऑपरेटर, उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेली.

मालकाने स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. फार माणुसकी! दवाखाना ओळखीचा, केसपेपरवर नोंद ‘घरी दारात बोटं सापडली’. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, नाही. टाके घालायच्या आधीच दाव्याच्या मुळावर घाव बसला होता. पुढच्या आठवड्यात हजेरीपटावर त्या दिवशी गैरहजेरी लागली आणि दहा हजार रोख देऊन कोऱ्या व्हाउचरवर सही घेतली गेली. वकिलाने नंतर त्यावर ‘सर्व हिशेब पूर्ण, तक्रार नाही’ असं छापून आणलं. कलम १७ प्रमाणे भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार रद्दबातलच असतो. पण हे मजुराला कळेपर्यंत तो लातूरला गावी पोचलेला असतो. दावा राहत्या ठिकाणच्या आयुक्तांकडेही लावता येतो, हेही त्याला कोणी सांगत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने हे हक्क कामावर घेतानाच लेखी सांगणं मालकावर बंधनकारक केलं, न सांगितल्यास पन्नास हजार ते एक लाख दंड ठेवला. हा दंड आजवर किती मालकांना बसला, तेवढं जाहीर करा. आम्ही यादी फ्रेम करून लावू.

आता हिशेब. पगार अठरा हजार, पण कायदा पंधरा हजारच धरतो. ही मर्यादा केंद्राने ३ जानेवारी २०२० ला ठरवली, तिचा दोष तुम्हाला देत नाही. कायमच्या पूर्ण अक्षमतेला पगाराचे साठ टक्के धरतात; पंधरा हजारांचे साठ टक्के नऊ हजार. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. गुणाकार १८,७१,८२०. एका हाताची दोन बोटं गेली तर अनुसूचीप्रमाणे वीस टक्के, म्हणजे ३,७४,३६४ रुपये. त्यावर उशिराचं बारा टक्के व्याज, वर्षाला ४४,९२३ रुपये ६८ पैसे. कारण नसताना अडवून ठेवलं तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड वेगळा. उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकाचाच. अनुसूचीत टक्का छापलेला असताना मालकाचा वकील दिव्यांग प्रमाणपत्र मागतो, कारण त्यावरचा टक्का दुसऱ्याच मापाने काढलेला असतो आणि बहुधा कमी भरतो. खरं तर कमाईची क्षमता किती गेली हे कामावर ठरतं. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली शंभर टक्के अक्षमता मान्य केली. एका हाताने रंधा कसा मारणार?

‘कामगाराची चूक’ हा मालकांचा लाडका मंत्र. या कायद्यात निष्काळजीपणा हा बचावच नाही. दारू वा इतर नशा, स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडणं, संरक्षक साधन मुद्दाम काढणं, एवढेच अपवाद, आणि मृत्यू किंवा कायमची पूर्ण अक्षमता आली तर तेही नाहीत. काही प्रेसवर हात डायबाहेर राहावेत म्हणून दोन्ही हातांनी दोन बटणं दाबावी लागतात; त्यांपैकी एक चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं सापडतं, तेव्हा ती पट्टी कोणी लावली हे विचारण्याआधी तासाला किती स्ट्रोक मागितले होते ते विचारा.

कामगार जातो कुठे? ईएसआयवाले (कामगार राज्य विमा) म्हणतात, या गाळ्याची नोंदच नाही. दहा माणसं असती तर नोंद लागली असती, म्हणून मस्टरवर कायम नऊच! (दहा होते हे सिद्ध झालं तर मालकाने वर्गणी भरली नसली तरी ईएसआयने लाभ देऊन तो मालकाकडून वसूल करायचा, ईएसआय कायद्याचं कलम ६८. शाखा कार्यालयात हे कलम सांगितलं की साहेब चहा घ्यायला जातात.) डिश, म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, म्हणतं, एवढ्या गाळ्याला कारखाना कायदा लागत नाही. पोलीस म्हणतात, अपघात आहे, समझोता करा. तीन खिडक्या, तिन्ही बंद, आणि प्रत्येकीवर ‘बाजूच्या खिडकीत विचारा’. माणूस मेला असता तर कलम १०अ खाली आयुक्तांनी नोटीस पाठवून मालकाला तीस दिवसांत खुलासा मागितला असता. जिवंत राहिला, बोटं तेवढी गेली, म्हणून पुरावा त्यानेच गोळा करायचा: पगाराचे यूपीआय मेसेज, ग्रुपवरचे शिफ्टचे फोटो, मालकाला पाठवलेल्या नोटिशीचं ‘घेण्यास नकार’ शेऱ्याने परत आलेलं, न फोडलेलं पाकीट. साक्षीला येणारा सोबती त्याच मालकाकडे कामाला.

निकाल लागला तरी पैसे मिळतातच असं नाही. वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी, म्हणजे दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडून तहसीलदाराकडे. तिथे शेतसाऱ्याच्या गठ्ठ्यात तो गाडला जातो. तोवर गाळ्याचं नाव बदललेलं, प्रेस तीच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता आली. आयुक्तांच्या जागी सक्षम प्राधिकारी आले, कामावर येता-जातानाचा अपघातही धरला गेला. चांगलं आहे. पण जुने दावे जुन्याच कायद्याखाली, जुन्याच टेबलांवर पडून आहेत. पाटी बदलल्याने गठ्ठा हलत नाही, हे सरकारात बसलेल्यांना आम्ही काय सांगावं?

मागण्या फार नाहीत. यंत्राच्या जखमेवर उपचार करणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने एमएलसी करावी आणि तिची प्रत जखमीच्याच हातात द्यावी, असा आदेश आरोग्य खात्याशी बोलून काढा. दहापेक्षा कमी माणसांच्या प्रेस शॉपमध्ये क्लच तपासणीची नोंदवही सक्तीची करा. महसूल खात्याला वसुलीची मुदत बांधून द्या. आणि तीन महिने उलटून गेलेल्या दाव्यांची जिल्हावार संख्या विधिमंडळात ठेवा.

या पत्राची पोच हवी आहे, आवक क्रमांकासह.

आपले,
भोसरी-चाकण पट्ट्यात कामगारांचे दावे लिहून देणारे काही जण