किल्लारीची आकृती कुणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३० सप्टेंबर जवळ आला की आमच्या औसा तालुक्यातल्या शाळांत भूकंपाचे तक्ते बाहेर निघतात. त्यांत असतं काय? पॅसिफिकभोवतीचा पट्टा, दोन भूपट्टांची टक्कर, नाहीतर जपान. किल्लारी यात कुठेच बसत नाही. ती भूपट्टाच्या कडेला नाही, पार आत आहे. वर काही शे मीटर जाडीचा काळा बेसाल्ट, खाली त्याहून कितीतरी जुना खडक आणि भूकंपाचं केंद्र उथळ. त्यात मातीत रचलेल्या दगडी भिंती. १९९३ चा ६.२ चा धक्का एवढा जीवघेणा ठरला तो यामुळे. हे दाखवणाऱ्या आकृत्या संशोधन निबंधांत आणि अहवालांत आहेत, पण कॉपीराइटमुळे त्या उचलून पुढे देता येत नाहीत.

वर्गात फळ्यावर काढायला हरकत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ शिकवण्यासाठी तेवढी मोकळीक देतं. अडतं ते विकिमीडिया कॉमन्ससारख्या मुक्त भांडारात चढवताना. तिथे कुणालाही बदल करून, अगदी पैसे घेऊनही वापरता येईल असाच परवाना चालतो. ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’ असं लिहिलेली फाइल काढून टाकतात. वरवर हा हेका वाटेल. पण आमच्याकडे नोट्सचा संच झेरॉक्सवाला पैसे घेऊनच देतो. ते शिक्षण की धंदा, हे ठरवत कोण बसणार?

सरकारी आकृतीचं तर विचारूच नका. प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क सरकारचा. म्हणजे १९९४ च्या अहवालातली आकृती २०५४ संपल्यावर मोकळी होणार! अमेरिकेत केंद्र सरकारच्या कामावर कॉपीराइटच नसतो. त्यामुळे तिथल्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाचे नकाशे कॉमन्सवर सहज सापडतात आणि लातूरची पोरं कॅलिफोर्नियाच्या भेगेवर भूकंप शिकतात.

स्वतः काढा म्हणाल, तर काढतोही. खडकाच्या जाडीवर कुणाची मालकी नसते, मांडणीवर असते. आकडे घेऊन नव्यानं काढली तर आकृती आपली; दुसऱ्याची गिरवून रंग बदलले तर नाही. एसव्हीजी फाइल (जिच्यात रेषा आणि नावं वेगवेगळी बदलता येतात) केली, की उर्दू शाळेतले शिक्षक रेषांना हात न लावता फक्त नावं बदलू शकतात. लातुरात मात्र उलटा प्रकारही पाहिला आहे: मुक्त परवान्याची आकृती घ्यायची, काढणाऱ्याचं नाव कापायचं आणि वर क्लासचा शिक्का मारून ‘सर्व हक्क राखीव’ छापायचं. मुक्त परवान्यालाही अटी असतात, हे यांना सांगणार कोण?

केंद्रानं २०१७ मध्ये शासकीय माहितीसाठी मुक्त परवाना आणला. आकृत्यांच्या बाबतीत राज्यानंही तेच करावं. पाठ्यपुस्तकांतल्या आणि भूजल विभागाच्या आकृत्या जनतेच्या पैशातूनच होतात. श्रेय द्या आणि बदल केलात तर त्याच परवान्यानं पुढे द्या, एवढीच अट घालणारी ओळ त्यांच्याखाली छापायला वेगळा खर्च नाही.

आणि संपादक महाशय, किल्लारीवर आपलंही पान निघतंच. आपल्या चित्रकारानं काढलेली एखादी आकृती यंदा ‘सीसी बाय-एसए ४.०’ (वर सांगितलेल्या दोन अटींचाच मुक्त परवाना) अशा ओळीसह छापलीत, तर ती कॉमन्सवर चढवायचं काम आम्ही शिक्षक करू.

एक विज्ञान शिक्षक,
औसा (जि. लातूर)