हिप्परगा तलावावरच्या मच्छीमार मामांना

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

हिप्परग्याला पक्षी बघायला आणि फोटो काढायला येणारे आम्ही सोलापूरकर. फोटोखाली कॅमेऱ्याचं नाव येतं, लेन्सचं येतं, तुमचं कधीच येत नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

“वारा पाठीवर घेऊन बसा,” हे तुमचं सांगणं सगळ्यांत कामाला आलं. पक्षी उतरतो तो वाऱ्याला तोंड देऊन, उडतोही तसाच. वारा आपल्या मागून असला की उतरणारा चक्रवाक पंख पसरून समोर मिळतो. उलट बसलं की नुसत्या शेपट्या. सकाळचं ऊनही पाठीवर हवं, म्हणजे पूर्वेचा काठ धरायचा. दोन्ही जमत नसेल तर आम्ही वारा सोडतो, ऊन नाही. उजेडाविरुद्ध पिसांचा रंगच हरवतो.

पाण्याचा अंदाज तर पूर्ण तुमचा. वीतभर पाण्यात शेकाट्या, हातभर पाण्यात शेपूट वर करून चरणारं तलवार बदक, त्यापुढे बुड्या मारणारा वारकरी पक्षी. कुठे किती खोल हे काठावरून कळत नाही, जाळी टाकणाऱ्यालाच ठाऊक. पाणी ओसरतं तसा काठ आत सरकतो, त्यामुळे डिसेंबरातली बसायची जागा फेब्रुवारीत निकामी होते. गाळाचंही तसंच: वरून भेगाळलेला, खाली लगदा. काठी टोचून पाहिल्याशिवाय पाय टाकायचा नाही, हे आता नव्या पोरांना आम्हीच बजावतो.

कॅमेऱ्याचं आमचं आम्ही बघतो. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० सेकंद, बसलेल्याला १/५०० पुरतं; बगळ्याचा पांढरा रंग जळू नये म्हणून एक्सपोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, दोन-तृतीयांश स्टॉप (थोडासा) खाली. दहानंतर माती तापून हवा थरथरायला लागली की कितीही महागडी लेन्स असो, फोटो धूसरच. आपल्या सोलापूरच्या उन्हापुढे कोणाचं चालतं!

पण खरे आभार दोन गोष्टींसाठी. तुम्ही होडी थव्याच्या अंगावर सरळ नेत नाही, तिरकी, लांबून काढता. पक्षी मग उडत नाहीत, पोहत बाजूला होतात. थवा पुन्हा पुन्हा उठवला तर चरायचा वेळ जातो आणि उडण्यात ताकदही. फोटोसाठी टाळ्या वाजवून थवा उठवणाऱ्यांनी हे एकदा पाहावं. दुसरं, फाटक्या जाळीचे तुकडे तुम्ही काठावर टाकत नाही. नायलॉनचा धागा कुजत नाही, पायात अडकला की पक्षी ओढतो आणि फास घट्ट होतो. असा पक्षी सापडला तर डोक्यावर फडकं टाकून शांत करायचा, धागा ओढायचा नाही, छोट्या कात्रीने तुकड्या-तुकड्याने कापायचा. ती कात्री आता आमच्या प्रत्येक बॅगेत असते.

एक विनंती. आपल्या सोलापूरच्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सालीम अलींचा १२. त्या पक्षी सप्ताहात शाळेची मुलं तलावावर आणणार आहोत. वाऱ्याचं आणि पाण्याचं तुम्ही सांगा, दुर्बिणी आम्ही आणतो. जाळी काढून झाली की या, चहा तयार ठेवतो.

आपले,
सोलापूरचे पक्षीवेडे