आंब्याच्या पेटीची फ्रेम

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आंबे कधीच संपले, पण पेटी मी टाकली नाही. सगळे पुठ्ठ्याच्या खोक्यांवर आले तरी बाबा लाकडी पेटीच पाठवतात, तिला भंगारात कशी देऊ? तिच्या पट्ट्या काढून तुमच्या 1987 च्या फोटोला फ्रेम केलीय. तोच, खळ्यातला. आई कॅमेऱ्याकडे बघतेय आणि बाबा माडाकडे!

पट्ट्या पातळ, खिळा मारला की उभ्या चिरतात. कोपरे तिरके कापून बघितले, तर मधे बोटभर फट. शेवटी पट्ट्या एकावर एक आडव्या ठेवल्या आणि सुंभाने बांधल्या. बाबा कुंपणाला बांधताना घालतात तशी फुलीची गाठ. तुमच्यासारखी घट्ट नाही जमली, हसू नका.

वरून पोफळीची विरी, झावळीच्या बुडाचं ते रुंद आवरण, लावलीय. दिवाळीत आणलेल्या तीन होत्या. पहिली भिजवून गॅलरीत उन्हात टाकली, तर संध्याकाळपर्यंत तिचा द्रोण. दुसरी रात्रभर पाण्यात ठेवली, चामड्यासारखी मऊ झाली, मग दोन पाटांमध्ये दाबून वर पाटा-वरवंटा ठेवला आणि सावलीतच वाळवली. चार दिवसांनी काढली तर सपाट, आणि आतल्या बाजूला बारीक रेघांची काय सुंदर नक्षी! लहानपणी हिच्यावर बसवून तुम्ही आम्हाला अंगणभर ओढायचात, तेव्हा कुठे बघितली होती.

चिकटवायला मैद्याची खळ, कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून. मोरचूद विषारी, त्यामुळे चहाचं जुनं पातेलं आता कायमचं खळीचं झालं. आई, ओरडू नकोस.

जुन्या फ्रेममध्ये फोटो पावसाळी दमटपणाने काचेला चिकटला होता, सोडवताना बाबांच्या सदऱ्याचा एक कोपरा गेलाच. म्हणून या वेळी काच आणि फोटोच्या मधे जाड कागदाची चौकट घातलीय, आणि आत आहे ती कॉपी. मूळ फोटो माझ्या कपाटात.

गणपतीला येताना घेऊन येते. ओटीवर झोपाळ्यासमोर लावू. पश्चिमेच्या भिंतीला नको, पावसात तिला ओल येते.

आणि आई, खाली पडलेल्या विऱ्या सगळ्या बंबात घालू नकोस. चांगल्या रुंद बघून चार-पाच पडवीत ठेव. शेजारच्या काकूंनाही फ्रेम हवीय.

तुमची,
धाकटी