सोलापूरची कोरडी हवा आणि दिव्याखालची झाडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरात ग्रो लाइटखाली, म्हणजे उन्हाऐवजी लावायच्या खास दिव्याखाली, वाढवायच्या झाडांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. दिवा कोणता घ्यावा आणि कुंडीपासून किती उंचीवर टांगावा, ही माहिती उपयोगाची होती. हवेच्या कोरडेपणाविषयी मात्र त्यात एकच वाक्य होते, ते म्हणजे पानांवर दिवसातून दोनदा पाणी फवारावे. मुंबईच्या वाचकाला तेवढे पुरेल. पण मार्च ते मे या काळात दुपारची सापेक्ष आर्द्रता (हवेत मावू शकणाऱ्या वाफेपैकी प्रत्यक्षात किती टक्के आहे ते प्रमाण) जिथे 20 टक्क्यांच्या आसपास उतरते, त्या सोलापुरात एवढ्यावर विसंबून राहिलेल्यांची झाडे जात राहतील, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती पाहणारा, म्हणून उभी हयात काढली. सुती धागा कोरड्या हवेत ठिसूळ होतो आणि ताणा (मागावरचे उभे धागे) सारखा तुटू लागतो, त्यामुळे उन्हाळ्यात शेडमध्ये फरशीवर पाणी मारणे, खिडक्यांना ओली गोणपाटे लावणे आणि भिंतीवरच्या ओल्या-सुक्या तापमापकावर नजर ठेवणे हा आमच्या रोजच्या कामाचा भाग होता. हवेतली ओल डोळ्यांना दिसत नाही, ती मोजावी लागते, हे मी तिथे शिकलो. घरात झाडे आली तेव्हा मात्र माझ्याकडूनही मोजायचे राहून गेले.

आमच्या तळमजल्यावरच्या मधल्या खोलीत ऊन येत नाही, म्हणून नातीने तिथे 20 वॅटचा एलईडी ग्रो लाइट लावून पुण्याहून आणलेला कॅलेथिया हे नक्षीदार पानांचे शोभेचे झाड आणि एक नेचा (फर्न) ठेवला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कॅलेथियाच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन कागदासारख्या चुरचुरू लागल्या आणि पाने विडीसारखी वळली. झाड तहानले आहे असे समजून आम्ही पाणी वाढवले. तीन आठवड्यांनी कुंडी उपडी केली तेव्हा मुळे काळी पडली होती, बोटाने ओढताच त्यांची साल सुटून येत होती आणि मातीला आंबूस वास येत होता. झाड हवेमुळे सुकत होते आणि आम्ही त्याची मुळे कुजवत होतो. ही चूक अनेक घरांत होत असणार, कारण पाण्याविना सुकलेले झाड आणि मुळे कुजलेले झाड वरून सारखेच दिसते.

नंतर मी त्या खोलीत दोन साधे तापमापक टांगले आणि एकाच्या फुग्याला ओली सुती वात गुंडाळली. दोन्हींतला फरक जितका जास्त, तितकी हवा कोरडी. दुपारी सुका 34 अंश आणि ओला 21 अंश दाखवत होता, म्हणजे आर्द्रता 30 टक्क्यांच्या घरात होती. ज्यांना हा खटाटोप नको, त्यांनी काही शे रुपयांत मिळणारे डिजिटल आर्द्रतामापक घ्यावे, पण आधी ते पारखून पाहावे. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखे होईल इतपत ओले करावे आणि मापकासह हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवावे. सकाळी आकडा 75 च्या आसपास यायला हवा. जो फरक पडेल तो पुढे दरवेळी धरावा.

कॅलेथिया, नेचे, अँथुरियम यांसारख्या झाडांना 55 ते 65 टक्के आर्द्रता मानवते. हवा कोरडी असली की पानातून पाणी वेगाने उडून जाते, मुळांना तेवढे पुरवता येत नाही आणि झाड आपली पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) मिटून घेते. रंध्रे मिटली की कार्बन डायऑक्साइड आत येणे थांबते आणि अन्न तयार होणे मंदावते; वरून दिवा मात्र तेवढाच तळपत असतो. तो प्रकाश वापरला जात नाही, उलट पानाला इजा करतो. शिवाय गरम, कोरड्या हवेत लाल कोळी ही कीड झपाट्याने वाढते. म्हणून आपल्याकडे नुसता दिवा लावून भागत नाही. मनीप्लांट, स्नेक प्लांट यांना अशी हवा सोसते, त्यांच्यासाठी हा खटाटोप करायची गरज नाही.

उपाय शोधताना मी हिशेब मांडला. 10 फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत साधारण 28 घनमीटर हवा असते. 34 अंशांना तिची आर्द्रता 30 वरून 60 टक्क्यांवर न्यायची तर सुमारे 300 मिलिलिटर पाणी हवेत मुरवावे लागते. तेवढ्यावर भागले असते तर प्रश्नच नव्हता, पण दारे-खिडक्यांच्या फटींतून तासाभरात खोलीतली हवा एकदा जरी बदलली, तरी तेवढेच पाणी दर तासाला लागते, म्हणजे 12 तासांत साडेतीन लिटरांहून अधिक. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात हे मला पटत नाही. याउलट 4 फूट लांब, 2 फूट रुंद आणि 2 फूट उंच पेटीतली हवा तेवढीच दमट करायला चहाचा एक चमचा पाणी पुरते आणि तेही बहुतांशी झाडेच आपल्या पानांतून देतात. आम्ही जुन्या काचेच्या कपाटात कुंड्या एकमेकींजवळ मांडल्या, दिवा काचेच्या बाहेर वरच्या बाजूला ठेवला म्हणजे त्याची उष्णता आत कोंडत नाही, आणि दार चार बोटे उघडे ठेवून आत संगणकाचा छोटा पंखा लावला. हवा हलती नसेल आणि आर्द्रता 80 च्या वर राहिली तर पानांवर बुरशी धरते. काचेचे कपाट नसेल तर लोखंडी मांडणीभोवती जाड पारदर्शक प्लास्टिक लावूनही काम होते. फक्त विजेच्या जोडण्या ओलीपासून दूर आणि उंचावर असाव्यात.

दुसरा उपाय फुकटचा आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ग्रो लाइट बहुतेक जण सकाळी लावून संध्याकाळी बंद करतात, म्हणजे हवा सर्वांत तापलेली आणि कोरडी असते नेमके तेव्हा झाडाला कामाला लावतात. ज्या खोलीत ऊन येतच नाही, तिथे झाडाचा दिवस कधी उगवावा हे आपल्या हातात आहे. आम्ही दिवा रात्री 8 ला लावतो आणि सकाळी 8 ला बंद करतो. रात्री हवा निवते, आर्द्रता आपोआप चढते आणि झाड अन्न करते. भर दुपारी ते अंधारात असते, त्याची रंध्रे मिटलेली असतात आणि पाणी कमी उडते. सोलापुरात दुपारी घरोघरी पडदे ओढलेलेच असतात, त्यामुळे वेगळे काही करावे लागत नाही. 20 वॅटचा दिवा 12 तास जळला तरी पाव युनिट वीजही लागत नाही.

फवाऱ्याचा परिणाम आपल्या हवेत काही मिनिटेच टिकतो आणि बोअरच्या जड, म्हणजे क्षारयुक्त पाण्याने पानांवर पांढरे डाग मात्र राहतात. कुंडीखाली खडे आणि पाण्याचे ताट ठेवल्याने उघड्या खोलीत फारसा फरक पडत नाही. तुषार उडवून हवा दमट करणाऱ्या ह्युमिडिफायरमध्येही जड पाणी घातले तर खोलीभर पांढरी भुकटी बसते. एसीतून ठिबकणारे पाणी त्यासाठी चांगले, आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी नको, कारण त्यात क्षार अधिकच असतात. घरात कूलर असेल आणि त्याचा झोत थेट पानांवर येत नसेल, तर झाडे त्याच खोलीत ठेवावीत. एसी मात्र खोलीतल्या हवेतली ओल काढून घेतो.

या निमित्ताने आपल्याकडे एक विनंती आहे. शहर पानावर आपण रोज कमाल आणि किमान तापमान छापता. हवामान खात्याकडून सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचच्या सापेक्ष आर्द्रतेची नोंदही होते. ते दोन आकडे तापमानाशेजारी छापावेत. झाडे लावणाऱ्यांना त्यांचा उपयोग होईलच, पण यंत्रमागावर काम करणाऱ्यांना, घरी विड्या वळणाऱ्या बायकांना आणि दम्याच्या रुग्णांनाही होईल. जागा एका ओळीची लागेल.

आपला,
एक निवृत्त जॉबर,
पूर्व भाग, सोलापूर