बुजरेपणा कसा मोजणार?

आदिवासी दाखल्यांची तपासणी कडक करावी, हा आपला अग्रलेख वाचला. तपासणी हवीच, पण निकष कोणाचे? अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या तपासणाऱ्या १९६५च्या लोकूर समितीने जमात ओळखायला आदिमतेच्या खुणा, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, मागासलेपण आणि चक्क बाहेरच्यांशी बुजरेपणा हे निकष धरले. नजर वसाहतकाळातलीच! पडताळणीत आजही कुलदैवत, लग्नविधी, बोली विचारतात. शहरात वाढलेली तिसरी पिढी तिथे अडखळते, पाठ करून आलेला सुटतो. मार्च २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्या प्रकरणात अशा प्रश्नांतून जमातीशी नाते तपासणारी ही आप्तभाव चाचणी निर्णायक नाही, असे स्पष्ट केले. १९५०पूर्वीच्या शाळा-महसुली नोंदींना वजन जास्त. मात्र जुन्या दाखल्यावर नुसते ‘ठाकूर’ असेल, तर ती जमात की बिगरआदिवासींतही आढळणारे तेच नाव, हे त्याच घराण्यातील इतर नोंदी ताडूनच ठरवावे लागते.

– एक वाचक, नाशिक